जऊळक्याच्या शेतात पुरलेला प्रकाश

पुण्याहून निघताना कपड्यांची बॅग बर्थखाली सरकवली, यंत्राची पेटी मात्र अकोला येईपर्यंत मांडीवरच ठेवली. सहकारी इरफान हसत होता. मला हसू येत नव्हतं.

या पेटीत प्रकाशकणांच्या जोड्या तयार होतात. जोडीतले दोन कण एकमेकांत इतके गुंतलेले, की एकाचं मोजमाप केलं की दुसऱ्याचं कळतं. पण ऊन, वारा, हादरा लागला की हा गुंता विरतो. तो प्रयोगशाळेबाहेर टिकवणं हे माझं पीएचडीचं काम. शेतात जमलं नाही तर विषय बदला, असं सरांनी बजावलं होतं.

अकोल्याहून वाशीमला पोचलात की तर्री-पोहे जरूर खा. मला दोन घासही गेले नाहीत. पुढे जऊळक्याला जाताना नाजूक सामान असेल तर पूर्ण ऑटो करा. शेअर ऑटोत पेटीवर कोण पाय ठेवेल सांगता येत नाही.

तिथे आम्हाला प्रयोगाला जागा दिली ती शेषरावकाका आणि पंचफुलाकाकूंनी; त्यांचा भाजीचा मळा रुळांना लागून आहे. जोडीतला एक कण पेटीत ठेवायचा, दुसरा केसाएवढ्या काचेच्या तारेतून मळाभर फिरवून परत आणायचा. दुपारी ऊन तापलं तसे गुंता किती टिकला ते दाखवणारे आकडे घसरले. इरफानने तारेतून खुणेचा प्रकाश सोडला. तारेतून येताना त्याच्या कंपनांची दिशा किती वळली ते पाहून यंत्र तेवढंच उलटं वळवत राहिलं. आकडे सावरले. तेवढ्यात मालगाडी आली, जमीन थरथरली आणि सगळं कोसळलं. इतक्या झटपट हादऱ्यांशी यंत्राला जुळवून घेता येईना.

"तार ओल्या मातीत पुरू, हादरा मातीत जिरेल," इरफान म्हणाला. पण वाटेत मेथी होती. मी बांधावर बसून राहिले.

"काहून रडून राह्यली माय?" काकूंनी विचारलं. मी सांगितलं.

"मेथी उपटा लागन?" काका गंभीर झाले.

"एक वाफा."

काकूच म्हणाल्या, "मंग उपटा ना. आज मेथीचीच भाजी करतो."

संध्याकाळपर्यंत आम्ही चौघांनी चर खणून तार पुरली. भाकरी, मेथी, ठेचा. तेव्हा कुठे मी पोटभर जेवले.

सकाळी गाडीची शिट्टी ऐकू आली आणि मी आकड्यांसमोर जाऊन बसले. डबे धडधडत गेले. आकडे घसरले, पण गुंता तुटला असं मानायच्या रेषेच्या वरच थांबले.

"वाचलं का?" काकू.

"वाचलं."

"मंग आता तरी चहा घे."

सरांनी आलेख पाहिला, विषय राहू दिला आणि म्हणाले, "एका मळ्यावरून काही ठरत नाही. उन्हाळ्यात पुन्हा जा." तिकिटं काढली आहेत. पण हल्ली घरासमोरून ट्रक गेला, तरी मी हातातला चहा खाली ठेवते आणि थरथर थांबेपर्यंत श्वास रोखून बसते.