स्पॅनिश क्लब आणि सानिकाचा अर्धा प्रश्न

रविवारी सकाळी मी सानिकाच्या घरी गेले होते... पारनेर तालुक्यातल्या आमच्या शाळेपासून दोनेक किलोमीटरवरच्या वस्तीवर. माफी मागायला गेले होते. न मागताच परत आले.

आमच्या हायस्कूलमध्ये मी काही वर्षांपासून स्पॅनिश क्लब चालवते. पुण्यात कॉलेजला असताना हौसेने शिकलेली भाषा. नंतर सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली, तरी ती विसरले नाही.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की आठवी-नववीची मुलं थांबतात. गाणी, नाटुकली, एकदा तर लॅबच्या मागे शेगडी मांडून बटाट्याचं स्पॅनिश ऑम्लेटही केलं. उशीर चालत नाही, मराठीत उत्तर चालत नाही. मी कडक आहे, हे इथले माझे जुने विद्यार्थी सांगतीलच.

दिवाळीनंतर स्पेनमधल्या एका शाळेशी व्हिडिओ कॉल ठरला. महिनाभर तयारी चालली होती. प्रत्येकाला एक प्रश्न मीच लिहून दिला... छंद कोणता, आवडता रंग कोणता, सुट्टीत काय करता. तो पाठ करून माझ्यासमोर तीनदा म्हणून दाखवायचा, मगच कॉलला बसायचं.

सानिका नववीत आहे. तिला मी सुट्टीचा प्रश्न दिला होता, तिने तो तीनदा म्हणूनही दाखवला होता. पण कॅमेऱ्यासमोर उभी राहिल्यावर तिने दुसराच विचारला. "तुमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो का? आमच्याकडे टँकर आला की मी शाळेत..."

पुढचं त्यांना ऐकू गेलं नाही. मी माईक बंद केला होता.

हसून नेटवर्कचं कारण सांगितलं आणि पुढच्या मुलाला उभं केलं. कॉल संपल्यावर सगळ्यांसमोर तिला विचारलं, परक्या लोकांपुढे गावाची लाज काढायची असते का... ती पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

खरं सांगायचं तर ते वाक्य तिने स्वतः जुळवलं होतं. मी न शिकवलेल्या शब्दांसकट. एक बारीक चूक होती, बाकी सगळं बरोबर. इतक्या वर्षांत क्लबमधल्या कुणी स्वतःच्या मनातलं काही स्पॅनिशमध्ये बोललं असेल तर ते एवढंच. आणि ते मी बंद केलं.

गेल्या आठवड्यात तिकडच्या शिक्षिकेची ईमेल आली. तो अर्धा प्रश्न त्यांच्या मुलांना नीट कळला होता. त्यांचं गाव दक्षिणेकडचं, कोरड्या भागातलं. मुलांनी हाताने पत्रं लिहून त्यांचे फोटो पाठवले होते... नळाला रात्री पाणी बंद असतं, आजोबांची ऑलिव्हची झाडं वाळली, आमच्याही गल्लीत टँकर येतो. खाली शिक्षिकेने विचारलं होतं, त्या मुलीचं वाक्य पुढे काय होतं?

मला ते माहीत नव्हतं. मी तिला विचारलंच नव्हतं.

पत्रांच्या प्रिंट काढून वस्तीवर गेले. सानिकाची आई गोठ्यातून हात पुसत आली, चहा ठेवते म्हणाली. मी सवयीने नको म्हटलं. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "घ्या बाई. चहापुरतं पाणी हाय आमच्याकडं."

मी चहा घेतला.

सानिकाने ओट्यावर बसून सगळी पत्रं वाचली, आईला मराठीत सांगतही गेली. कुठे अडली नाही. एका पत्रातल्या मुलाने टँकरवाल्याची तक्रार केली होती, हॉर्न न वाजवताच निघून जातो म्हणून... त्यावर मायलेकी दोघी खळखळून हसल्या. क्लबमध्ये तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, शनिवारपासून परत ये. तिने पत्रं नीट घडी करून ठेवली आणि म्हणाली, "कबड्डीला नाव दिलंय बाई. तिथं दम टिकंल तोवर बोलत राहावं लागतं, थांबलं की आउट. मला जमतंय ते."

राग नव्हता तिच्या आवाजात. असता तर बरं झालं असतं. चूक झाली, एवढे दोन शब्द बोलायचे होते. सगळी नोकरी मुलांकडून ते वदवून घेण्यात गेली, स्वतः म्हणायची वेळ आली तर जीभ उचलेना. अभ्यास सोडू नकोस, असं काहीतरी सांगून निघाले. तिचं वाक्य पुढे काय होतं, तेही विचारायचं राहिलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा कॉल आहे. या वेळी प्रश्न मुलांनीच लिहायचे, मी आधी बघणार नाही, असं क्लबमध्ये जाहीर केलं. काल मुलांनी हौसेने आपापले प्रश्न वाचून दाखवले... छंद कोणता, आवडता रंग कोणता, सुट्टीत काय करता.

मीच शिकवलंय त्यांना तसं.