माळावरचा सगळ्यांचा मेळावा

किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. शिक्षकांच्या खोलीत दोन माणसं चहा प्यायला बसली की एक जुना किस्सा निघतो आणि चहा संपेपर्यंत एक नवा घडतो. त्यातून तंबूत राहायचं शिबिर असेल तर विचारूच नका. विटांच्या भिंतीत जे झाकलं जातं ते कापडाच्या भिंतीत झाकलं जात नाही.

सत्तरच्या दशकात मी वाशीमजवळच्या मालेगावच्या शाळेत गाइडची शिक्षिका होते. वाशीम तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता. दर हिवाळ्यात आसपासच्या शाळांचा तंबू मेळावा भरायचा. मी त्यातले बरेच पाहिले, पण लोक अजूनही विचारतात ते एकाच मेळाव्याचं. तोही नेहमीसारखा मालेगावजवळच्या माळावरच झाला होता आणि त्याचे प्रमुख होते राऊत सर.

* * *

राऊत सर वाशीमच्या एका शाळेचे मुख्याध्यापक. खाकी हाफ पँट, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की ऐकणारा आपोआप ताठ व्हायचा. बोलायचे एकदम पुस्तकी. चिडले की मात्र सरळ वऱ्हाडीवर यायचे.

मेळाव्याआधी शिक्षकांच्या सभेत ते दरवर्षी तेच भाषण करत आणि शेवटी म्हणत, "हा मेळावा सगळ्यांचा आहे." आम्ही टाळ्या वाजवायचो आणि आपापल्या शाळेत जाऊन धडधाकट, खात्यापित्या घरची पोरं निवडायचो.

त्या वर्षी इंझोरीचे वानखडे मास्तर नवीन होते. त्यांनी भाषण ऐकलं आणि खरं मानलं! एसटीतून उतरले तेव्हा त्यांच्यासोबत नववीतली कुसुम होती. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय बारीक. एका हातात काठी, दुसरा हात गुडघ्यावर टेकवून ती पाऊल टाकायची.

सरांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "काहून आणली हिले?"

"तुमीच म्हटलं ना सर, सगळ्यांचा हाय म्हणून."

"अरे, ते भाषणात म्हटलं होतं."

"मीही भाषणातच आयकलं," मास्तर म्हणाले.

सर माझ्याकडे वळले. "बाई, आली आहे तर राहू द्या. पण शेवटच्या दिवशीच्या हाईकला ती नको. मागे पडेल, सगळ्यांचा खोळंबा. त्या दिवशी ती तंबू सांभाळेल."

कुसुम जवळच उभी होती. "तंबू पाहाले नाई आली मी, बाई," ती मला म्हणाली. रडली वगैरे नाही, फक्त सांगितलं. म्हणजे तिला हाईक हवी होती, सरांना ती हाईकमध्ये नको होती, आणि दोघांच्या मधे मी.

* * *

मेळाव्यातले संडास म्हणजे चर खणायचा आणि भोवती तट्टे बांधायचे. कुसुमला उकिडवं बसता येत नव्हतं. पोरीनं काय करावं? दिवसभर पाणीच प्यायली नाही. मला हे संध्याकाळी कळलं आणि असा राग आला की कोणावर काढावा ते समजेना.

आमच्या शाळेचा शिपाई महादू मेळाव्यात स्वयंपाकापासून खुंट्या ठोकण्यापर्यंत सगळं करायचा. त्याला सांगितलं. त्यानं शाळेतली एक वेताची खुर्ची आणली, मधला वेत कापून टाकला, खुर्ची चरावर मांडली आणि पाय मातीत घट्ट गाडले. कुसुमची सोय झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्या तट्ट्याबाहेर ही रांग! गुडघेदुखीचे दोन मास्तर, पोट सुटलेले एक पर्यवेक्षक, आणि सगळ्यांच्या मागे काठीवर रेललेली कुसुम. आत कोण आहे विचारलं तर सगळे टेकडीकडे बघायला लागले. थोड्या वेळानं तट्टा सरकला आणि हातात टमरेल घेऊन राऊत सर बाहेर आले. इकडेतिकडे न बघता चालते झाले.

कुसुम महादूला म्हणाली, "काका, अजून एक खुर्ची फोडा."

* * *

कुसुम आल्याची बातमी वाशीमला पोचली असावी. कारण त्याच दिवशी एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. ते कोर्टात कारकून होते. मुलगा मिलिंद, राऊत सरांच्याच शाळेतला, जन्मापासून अंध. वडील 'जय भीम' करून म्हणाले, "सगळ्यांचा हाय म्हणे मेळावा." सरांनी वानखडे मास्तरांकडे असं पाहिलं की मास्तर पाणी आणायला निघून गेले.

अडचण तंबूच्या दोऱ्यांची होती. चारी बाजूंना ताणलेल्या दोऱ्या, आणि मिलिंद येताच एकीला अडखळून पडला. महादूनं घरून पोळ्याच्या बैलांच्या घुंगरमाळा आणल्या आणि दोऱ्यांना बांधल्या. वाऱ्यानं त्या बारीक वाजत राहायच्या, तेवढ्यावर मिलिंदला कळायचं दोरी कुठे आहे ते. दुपारपर्यंत त्याला सगळा तळ पाठ झाला.

अडखळायचे ते आता डोळस. आमच्यातल्या देशमुख सरांना प्रार्थनेच्या वेळी तंबूमागे जाऊन बिडी ओढायची सवय होती. त्या संध्याकाळी सगळे डोळे मिटून उभे असताना घुंगरं जोरात वाजली, मग एक दाबलेला खोकला. प्रार्थना संपल्यावर मिलिंद अगदी आदरानं म्हणाला, "देशमुख सर, पिंपाजवळची दोरी हाय ते. तुमी दुपारीही तिथंच अडकले होते."

* * *

जेवणाचं दुखणं फार जुनं. प्रत्येक शाळेची चूल वेगळी, आणि काही शाळांत तर एका शाळेच्या दोन चुली. कोण कोणाच्या हातचं खात नाही हे तोंडानं कोणी म्हणायचं नाही. "आमच्या पोराचं पोट नाजूक हाय" म्हणायचे. नाजूक पोटं नेमकी ठरावीक घरांतच जन्माला यायची.

शिधावाटप माझ्याकडे होतं. मी एका चुलीला सगळं मीठ दिलं, दुसरीला सगळं तिखट, तिसरीला तेल, चौथीला डाळ, आणि उरलेल्यांना ज्वारीचं पीठ. पोरं वाट्या घेऊन माळभर पळत सुटली. एका वेळच्या जेवणातच सगळी कंटाळली आणि संध्याकाळी आपणहून एकच मोठा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर चढवला.

मग एका गावचे पाटील मोटरसायकलवर मुलासाठी आणि स्वतःसाठी डबा घेऊन आले. मुलगा मिलिंदला खेटून पंगतीत बसला होता. "आबा, माह्यं जेवण झालं," म्हणाला, आणि डबा उघडून पंगतीत फिरवला. रिकामा व्हायला वेळ लागला नाही. पाटील बराच वेळ उभे होते. पोटात भूक, डबा गेलेला. शेवटी बसले. महादूनं पत्रावळ मांडली, मिलिंदनं आपल्यापर्यंत आलेली भाकरींची टोपली पुढे केली. त्यातली भाकर पाटलांनी उचलली, वरणात बुडवून घास घेतला. आम्ही सगळे बघत होतो.

"मीठ कमी हाय," पाटील म्हणाले.

मिठाच्या चुलीवरच्या मुलींना याचा भयंकर राग आला.

* * *

आता हाईक. तिची पद्धत अशी की एक तुकडी तासभर आधी निघते आणि दगडांचे बाण, गवताच्या गाठी अशा खुणा टाकत जाते. मागचे त्या खुणांवरून माग काढतात. मुक्काम टेकडीपलीकडच्या आमराईत. राऊत सरांचा नियम कडक होता: रस्ता माहीत असला तरी खुणेबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर ती शाळा बाद.

मी सरांना म्हटलं, "कुसुम मागे पडेल हीच भीती ना? मग तिला पुढे पाठवू. खुणा टाकायला."

सर थांबले. खुर्चीच्या प्रकरणापासून ते कुसुमच्या बाबतीत जरा जपून बोलत होते. "आणि दमली तर?"

"महादू सायकल घेऊन जाईल. कॅरिअरवर बसवेल."

"ठीक. पण काही घोळ झाला तर बाई, पुढच्या वर्षीपासून असले प्रयोग बंद."

कुसुमला हे सगळं मी सांगितलं, पुढच्या वर्षीचंसुद्धा. तिनं मान हलवली आणि काठी उचलली.

उजाडल्यावर ती दोघं निघाली, तासाभरानं आम्ही. नाल्यापाशी पहिला बाण मिळाला. दरवर्षी इथून नाल्यात उतरायचं आणि समोरच्या टेकडीवर चढायचं. बाण उतरत नव्हता. तो उजवीकडे पांदणीत, शेतांमधल्या बैलगाडीच्या वाटेवर वळला होता.

"वाट चुकली पोरगी," देशमुख सर म्हणाले.

"खूण हाये ना? मंग चाला," राऊत सर म्हणाले. नियम त्यांचाच होता.

पांदण संपली, धुरा, म्हणजे शेताचा बांध, आला. धुरा संपला, परत पांदण. टेकडी डाव्या हाताला तशीच उभी. ऊन चढलं. कपाशी वेचणाऱ्या बायांनी विचारलं, "टेकडी सोडून इकडून कायले चालले वं बाई?" मी गवताच्या गाठीकडे बोट दाखवलं. सरांचे बूट नवे होते, सर लंगडायला लागले. पोरं कुरकुरत होती. पाटलांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालणारा मिलिंद तेवढा म्हणाला, "रस्ता मस्त हाय." आणि गुडघेदुखीचे ते दोन मास्तर, जे दरवर्षी नाल्यावरून परत फिरायचे, ते गप्पा मारत चालले होते.

आमराईत पोचलो तेव्हा कुसुम झाडाखाली बसली होती आणि महादू सायकलशेजारी आडवा पडला होता.

"कॅरिअरवर बसून आली का?" सरांनी त्याला विचारलं.

"नाई जी, चालत आली. मीच दोनदा बसलो सायकलवर."

सर कुसुमपुढे जाऊन उभे राहिले.

"काहून वं, टेकडीवरची जवळची वाट माहीत नव्हती तुले?"

"माहीत होती, सर. काकानं दाखवली."

"मंग?"

"तिकडून मी नसती पोचली."

सर एका मुळीवर बसले आणि बूट काढले. जेवणं झाली, पोरांनी झोके घेतले, उन्हं कलायला लागली. निघायच्या वेळी देशमुख सरांनी विचारलं, "सर, आता खुणांचं काम नाही. जाताना टेकडीवरून जाऊ?"

राऊत सरांनी बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि उठून शिट्टी वाजवली.

"कुसुम कुठं हाये? पुढं होऊ द्या तिले."