डंकनचा शुक्रवार

इथे आखातात, माहूजच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या दुपारी मी मासे साफ करत होते. बाहेरच्या खोलीतून सायमनचा, माझ्या नवऱ्याचा, आवाज आला, "मोनिका, डंकन गेला गं..." स्कॉटलंडहून डंकनच्या बहिणीचा मेसेज आला होता. हात धुऊन बाहेर आले, सायमनच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मनात काय आलं म्हणाल? आता शुक्रवार माझा! गेलेल्या माणसाचा कुणी हेवा करतं का? मी करते. इतके आठवडे झाले, अजून करते.

डंकन तरुणपणी इथे सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनीअर होता आणि सायमन तिथला स्टोअरकीपर. पण साहेबाचं आणि स्टोअरकीपरचं मेतकूट असं जमलं की विचारू नका. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही चर्चमधून घरी आलो की हा मागोमाग जेवायला हजर. माझं वसईच्या पद्धतीचं सुक्या बोंबलाचं कालवण घाम पुसत पुसत खायचा, आणि त्यातले चांगले तुकडे सायमन माझ्या देखत त्याच्या ताटात वाढायचा. कामगारांच्या खोल्यांवर गेला की तिथेही तो मांडी घालून बसायचा, चहाला कधी नाही म्हणायचा नाही. दाराशी आल्यावर आत बसायचं, चहा घ्यायचा, मग बोलायचं, हे तो इथे शिकला. आणि एवढ्या शिदोरीवर गडी मायदेशी जाऊन निवडणुकीला उभा राहिला.

तिकडे म्हणे उमेदवार दारातूनच मत मागतो. दोन वाक्यं बोलायची, हातात कागद द्यायचा, पुढचं दार. हा पठ्ठ्या प्रत्येक घरात जाऊन बसायचा, चहा प्यायचा, म्हाताऱ्यांची दुखणी ऐकायचा. मतदानाचा दिवस उजाडला तेव्हा निम्मं गाव व्हायचं राहिलं होतं. सपशेल आपटला! पण पुढच्या खेपेला त्याच घरांनी शेजाऱ्यांना ओढून आणलं आणि तो निवडून आला. नगरसेवक झाला, मग एडिंबराच्या संसदेत गेला, मंत्रीही झाला. एका छोट्या बेटाची बोट बंद करायचं त्याच्याच पक्षाने ठरवलं, तेव्हा याने विरोधात मत दिलं आणि मंत्रिपद सोडलं. पुढची निवडणूक हरला. बोट मात्र चालू राहिली.

हे सगळं मला पाठ आहे, कारण दर शुक्रवारी दुपारच्या चहाला त्याचा फोन यायचा. सायमन गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसायचा. पहिलं वाक्य ठरलेलं, "बोल बाबा, या आठवड्यात कुठे हरलास?" वाक्यही डंकनचं, पद्धतही डंकनची. जिंकल्याच्या बाता नंतर, आधी हरलेलं सांगायचं. मग दोघांचं तासभर खिदळणं. फोन ठेवला की आमचा माणूस मुका. माझ्याशी बोलणं म्हणजे "गॅस संपलाय," "शिफ्ट कुठली?", "बरं." त्या बेटावरून बोट कधी सुटते ते याला तोंडपाठ, आणि बायको हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून कधी सुटते ते विचारावं लागायचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गेल्या हिवाळ्यात डंकन आला आणि झल्लाकच्या समुद्रकाठच्या हॉटेलात उतरला. आम्ही भेटायला गेलो. सायमन फोटो काढत किनाऱ्यावर लांब गेला, तेव्हा डंकन मला म्हणाला, "हेड नर्स तुलाच करायला हवं होतं, मोनिका. आणि गुडघा कसा आहे?" मी बघतच राहिले. बढती हुकल्याचं मी घरात एकदाच बोलले होते, तेव्हा सायमनने "हं" म्हणून मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सायमनने. त्या शुक्रवारी दुसरं काही बोललाच नाही. रडवेला झाला होता."

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मी पेटले! माझंच दुःख स्कॉटलंडला जाऊन झल्लाकला परत आलं, आणि दोन खोल्यांच्या घरात ते माझ्यापर्यंत पोचलं नाही? "मग हे तो मला का नाही सांगत?" मी विचारलं. जन्मभर भाषणं केलेला माणूस... एवढंच म्हणाला, "मीही त्याला हेच विचारतो."

ती आमची शेवटची भेट.

सायमन अजूनही शुक्रवारी चहा घेऊन त्या खुर्चीत बसतो, फोन मांडीवर. परवा मी माझाही कप घेऊन गेले आणि समोर स्टुलावर बसले.

"सायमन, आता त्याचा फोन नाही यायचा रे."

"माहितेय मला." त्याने फोन कठड्यावर उपडा ठेवला. घसा खाकरला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बोल गं... या आठवड्यात कुठे हरलीस?"

वाक्यसुद्धा डंकनचंच! माझ्या वाट्याला आलं तेही त्याचं वापरलेलं. जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू. पण मी बोलायला लागले, ती चहा गार झाला तरी थांबले नाही.