बिबट्या रात्री येतो, कॅमेरा दिवसा चालतो

"सर, यात पुन्हा कुत्रीच आहेत," मी फोनवर म्हणालो.

"मग तसं लिही ना. नो लेपर्ड. क्लायंट खूश होईल," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

मी श्रीगोंद्याकडच्या एका उसाच्या बांधावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. स्क्रीनवर कुत्री, बगळे, एक शेळी आणि कॅमेऱ्याकडे बघून केस नीट करणारा एक ट्रॅक्टर ड्रायव्हर. बिबट्या सोडून सगळं गाव येऊन गेलं होतं.

मी नगरच्या एका खासगी सर्व्हे कंपनीत फील्ड टेक्निशियन आहे. कॅमेरा ट्रॅप लावणं हे माझं काम. ट्रॅप म्हटलं की लोक पिंजरा शोधतात. प्रत्यक्षात तो खोक्यात बसवलेला साधा डिजिटल कॅमेरा असतो. झाडाला बांधायचा. समोरून गरम अंगाचं काही गेलं की तो आपोआप फोटो काढतो आणि खाली तारीख-वेळ छापतो. रात्री डोळ्यांना न दिसणारा फ्लॅश मारतो. आत आठ पेन्सिल सेल लागतात. आमची सगळी भानगड या सेलचीच.

क्लायंट होता एक साखर कारखाना. ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे बांबू-पाचटाच्या झोपड्या, उसाच्या कडेलाच पडल्या होत्या. तिथून एक शेळी गेली. टोळी म्हणाली, बिबट्यानं नेली, आम्हाला गावात शाळेजवळ हलवा. कारखान्याचे शेतकी अधिकारी, म्हणजे कोणाचा ऊस कधी तोडायचा हे ठरवणारे गृहस्थ, म्हणाले, "आधी पुरावा आणा." टोळी लांब गेली तर तोडणी उशिरा सुरू होणार आणि गाड्या खोळंबणार. त्यांना बिबट्या परवडणारा नव्हता.

टोळीत पाथर्डीकडच्या कौसाबाई होत्या. त्यांनी बिबट्याच्या पायाच्या ठशावर घमेलं पालथं घालून ठेवलं होतं, पुसू नये म्हणून. अधिकाऱ्यांनी घमेलं उचललं, ठसा पाहिला आणि म्हणाले, "कुत्र्याचा असेल."

ते गेल्यावर कौसाबाई मला म्हणाल्या, "दादा, दिस उगवायच्या आत समदी ऊस तोडाया फडात जात्यात. लेक जातो, सून जाती. कोपीत मागं मी आन हे लेकरू. अंधारात म्या काय करू सांगा."

लेकरू दीड वर्षाचं होतं. कोपीला दाराच्या जागी एक जुनी साडी होती.

मी फोटो पुन्हा चाळले आणि मनात पाल चुकचुकली. सगळे फोटो उजेडातले होते. दिवस मावळला की एखादा काळाकुट्ट फोटो, मग सकाळपर्यंत काहीच नाही. उजाडलं की परत बगळे.

कारण साधं होतं. साधा पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. आमचे रिचार्जेबल सेल सव्वा व्होल्टलाही जरा कमी. एकाचा फरक नगण्य वाटतो, पण आठ मिळून बाराच्या जागी साडेनऊ व्होल्टच होतात. दिवसा फ्लॅश लागत नाही, तेवढ्यात भागतं. रात्री फ्लॅश मारायची वेळ आली की आमचा कॅमेरा 'बॅटरी लो' समजून डोळे मिटायचा. रात्रभर आराम मिळाला की सेल जरा सावरायचे आणि सकाळी साहेब पुन्हा ड्युटीवर हजर.

त्यात आमचे सेल जुने. ते मी शेतातल्या मोटरीच्या खोलीत चार्ज करायचो. तिथली लाईट पाळीनं यायची, कधी निम्म्यातच जायची. म्हणजे अर्धपोटी सेल घेऊन मी रात्रपाळीची अपेक्षा करत होतो.

मी सरांना पुन्हा फोन केला. "सर, अल्कलाईन सेल घेऊ का? पूर्ण दीड व्होल्टचे, वापरून टाकायचे असतात ते."

"अरे, आपल्या ब्रोशरवर काय लिहिलंय? पर्यावरणपूरक सर्वेक्षण! आणि तू सेल फेकणार?"

"रात्रीचे फोटो येत नाहीयेत सर."

"दिवसाचे येतात ना? मग कॅमेरा ओके आहे."

पर्यावरणात बिबट्या धरायचा की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. गावातल्या दुकानातून घड्याळाचे स्वस्त सेल आणून पाहिले. घड्याळाचा काटा ढकलणं वेगळं आणि फ्लॅश मारणं वेगळं. त्यांनी अंधार पडायच्या आतच मान टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अधिकारी आले. "झालं ना तुमचं? 'नाही' म्हणून रिपोर्ट टाका. कोप्या इथंच राहतील."

कौसाबाई नातवाला कडेवर घेऊन पुढं आल्या. "सायेब, ह्यांच्या मिशिनीत न्हाई आला, म्हंजी त्यो न्हाईच का?"

"मावशी, पुरावा नको का?" अधिकारी माझ्याकडे वळले. "काय हो, आहे का फोटो?"

"आहे," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच परका वाटला. फोटो नव्हता. "पहाटेचा आहे. कोप्यांच्या अगदी मागे. कार्ड नगरला पाठवलंय, उद्या दाखवतो."

अधिकाऱ्यांचा चेहरा बदलला. पुरावा नव्हता तोवर बिबट्या टोळीचा होता. पुरावा आहे म्हटल्यावर तो त्यांचा झाला. आता काही झालं असतं तर त्यांनाच उत्तर द्यावं लागलं असतं. त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर आला आणि टोळी भांड्याकुंड्यांसह शाळेजवळ गेली. जाताना अधिकारी म्हणाले, "उद्या फोटो दिसला नाही, तर तुमच्या कंपनीचं या जिल्ह्यातलं काम संपलं समजा."

मी थेट श्रीगोंदा गाठलं. अल्कलाईन सेल इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळाले नाहीत, मेडिकलमध्ये मिळाले. बीपीच्या मशीनला तेच लागतात. माझंही बीपी एव्हाना मोजण्यासारखं झालं होतं. दिवस मावळायच्या आत सेल घालून कॅमेरा रिकाम्या कोप्यांच्या समोर बांधला. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी कार्ड उघडलं. कुत्रं. कोल्हा. पुन्हा कुत्रं. मग पहाटेचा एक फोटो, टोळी फडात जायची त्याच वेळेचा. कौसाबाईंच्या कोपीत पुढचं अर्धं अंग घालून बिबट्या उभा होता. शेपूट बाहेर.

नोकरी वाचली हे बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

अधिकारी शाळेजवळच भेटले. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "बघा, आपण वेळेत हलवलं म्हणून." खाली छापलेली तारीख त्यांनी वाचलीच नाही. पिंजऱ्यासाठी वन खात्याला कळवायला ते फोन घेऊन बाजूला गेले. मी सरांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "मी म्हणत नव्हतो? आला ना शेवटी आपल्या रिचार्जेबलवरच!" मी म्हणालो, "हो सर." आता तो फोटो ब्रोशरच्या पहिल्या पानावर आहे, 'पर्यावरणपूरक' या शब्दाच्या बरोबर खाली.

कौसाबाईंनी मात्र फोटो नीट पाहिला. लॅपटॉपवर वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"ही तर माझीच कोपी," त्या म्हणाल्या. "आन दारावरची साडी कुठाय? हंडा कुठाय?" मग थांबल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "दादा, ह्यो तर आमी हिकडं आल्यावरचा हाय."

त्यांनी अधिकाऱ्यांच्या पाठीकडे एकदा पाहिलं, नातवाला घट्ट धरलं आणि लॅपटॉप स्वतःच्या हातानं मिटला.

"बसा," त्या म्हणाल्या. "भाकर टाकते. जेवल्याबगर जायचं न्हाई."

मी जेवूनच निघालो.

कॅमेऱ्याला सेल कोणते घ्यावेत, असं लोक मला अजून विचारतात. मी आधी विचारतो, फोटो कशाचा काढायचाय? लग्नाचा असेल तर खुशाल रिचार्जेबल घ्या, घरी मीही तेच वापरतो. सेल ऐन वेळी संपले तरी बिघडत नाही. नवरा-नवरीला पुन्हा हार घालायला सांगता येतं.