साहेबासमोर 'आय' म्हणताना

औरंगाबादच्या कचेरीत रामकिसनदादांइतका देखणा उर्दू अर्ज लिहिणारा दुसरा कारकून नव्हता. पोलीस ॲक्शननं निजामी संपली, कचेरीत उर्दूच्या जागी इंग्रजी आली आणि पन्नाशीच्या दादांना तोंडी परीक्षा द्यायचं फर्मान निघालं. नापास झाले तर हेडक्लार्कची खुर्ची जाणार होती.

मी गुलमंडीत त्यांच्या शेजारी राहायचो, नाटकांत कामं करायचो. मॅट्रिकपुरतं इंग्रजी होतं, म्हणून शिकवणी माझ्याकडं आली. ती मी तालमीसारखी घेतली.

"दादा, क्रियापद म्हणजे रंगमंच. काम करणारा त्याच्या पुढं उभा: आय, ही, दे. ज्याच्यावर काम होतं तो मागं: मी, हिम, देम."

"म्हंजे त्यांचा 'मी' म्हंजे आपला 'मला'?"

"व्हय."

"उफराटी जात हाय."

'सॉ', 'गेव्ह', 'कॉल्ड' यांच्या मागं ते 'हिम' बिनचूक लावायचे. 'लाइक', 'वॉण्ट' आलं की मात्र पुढं 'आय'ऐवजी 'मी' लावायचे. आपल्याकडं 'मला आवडतं', 'मला पाहिजे', म्हणून चुकत असतील, असं मला वाटलं.

"इथं आवडणाराच पुढं येतो, दादा. आय लाइक."

"ते कळलं रे." त्यांनी मान खाली घातली. "पण साहेबासमोर सोताला पुढं कसं करू? सारी उमर अर्जात 'फिदवी' लिहिलं, हुजुरांचा गुलाम. 'मैं' म्हणलो असतो तर अर्ज हुजुरांपुढं ठेवणाऱ्या पेशकारानं कान उपटला असता."

परीक्षेच्या दिवशी मी कचेरीच्या व्हरांड्यात उभा होतो. साहेबानं इंग्रजीत विचारलं, तुम्हाला काय हवंय? दादा हात जोडून उभे राहिले. "मी वॉण्ट, सर..."

पडद्याआडची पोरसवदा कारकून मंडळी फिसकन हसली. साहेब भला होता. म्हणाला, पुन्हा सांगा. दादांना उत्तर येत होतं. ओठ 'आ'पर्यंत उघडले आणि मिटले. "मी वॉण्ट," ते पुटपुटले. कान लालबुंद झाले होते.

नापासाचा हुकूम यायच्या आधीच त्यांनी आपली दौत उचलून नुसत्या नकला उतरवणाऱ्या नकलनविसांच्या टेबलावर नेली. पुढं घरी जायला ते मागची गल्ली धरू लागले.

एका संध्याकाळी तालमीला आले. विंगेतल्या प्रॉम्प्टरच्या स्टुलाकडं बोट दाखवून म्हणाले, "तिथून कुणाला दिसत नाय ना?"

"नाही."

ते बसले. काय आवाज होता! कुजबुजले तरी शब्दन् शब्द कळायचा. हँडबिल छापताना त्यांचं नाव घालावं, असं आम्हां सगळ्यांना वाटलं.

"घालशीला तर येणार नाय," दादा म्हणाले.

आम्ही घातलं नाही.