गानबेई, पण पाण्याचं

आमच्या रिफायनरीतलं एक युनिट चालू झालं, तेव्हा चिनी कंत्राटदार कंपनीने कुवेत सिटीतल्या एका हॉटेलात शुक्रवारी दुपारचं जेवण दिलं. मी क्लायंटकडची तपासणी इंजिनियर, म्हणून त्यांच्या मॅनेजरनी मला शेजारी बसवलं. समोर त्यांची वेल्डिंग इंजिनियर होती. तिशीतली, वर्षभर माझ्यासोबत उन्हात पाइपांचे जोड तपासत फिरलेली.

प्रत्येकापुढे अंगठ्याएवढा पेला होता.

"आमच्याकडे यात बाईजिऊ असते," मॅनेजर म्हणाले. "ज्वारीची दारू. जाळच! इथे बंदी, म्हणून पाणी."

मी लातूरकडची. ज्वारी म्हणजे भाकरी आणि हुरडा, एवढंच मला ठाऊक.

पाणी असलं तरी रीत तीच. साहेब "गानबेई" म्हणाले की पेला एका दमात संपवायचा. दोनदा हसतखेळत झालं. मग ते तिच्याकडे वळले. "आता तू. लागोपाठ तीन."

तिने पेल्यावर तळहात ठेवला. "नको, सर."

"अगं, पाणी आहे!"

"असू दे." मला कळावं म्हणून ती इंग्रजीतच बोलली. "तिकडे तुम्ही सांगितलंत म्हणून दारू प्यायले. एकदा सलाइन लावावं लागलं, तरी दुसऱ्या दिवशी कामावर आले. इथे दारू नाही, पण हुकूम तोच आहे. हुकमाने मी पाणीसुद्धा पिणार नाही."

मॅनेजर कसनुसं हसले आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही तरी घ्या."

हसून वेळ मारून नेता आली असती. पण नोकरीच्या पहिल्या वर्षी मीटिंगमध्ये साहेब मलाच चहा आणायला सांगायचे आणि मी मुकाट्याने उठायचे, ते आठवलं. अजून चीड येते. मी माझा पेला टेबलावरच उपडा केला. पाणी पांढऱ्या कापडावर पसरलं.

"मलाही नको," मी म्हणाले.

शेवटी मॅनेजरनी तिच्या वाटणीचे ते तीन पेले स्वतःच भरून एकट्यानेच संपवले.

पुढच्या कामाच्या यादीतून तिचं नाव गळलं. मी त्यांच्या कंपनीला लेखी विचारलं, इतक्या अनुभवी वेल्डिंग इंजिनियरला का काढलं? आमच्या साहेबांचा फोन आला. "त्यांच्या भानगडीत कशाला पडताय? पत्र मागे घ्या."

"नाही घेणार, सर. कारण कळू दे."

कारण कोणालाच सांगता येईना. दोन आठवड्यांनी ती हेल्मेट घालून साइटवर हजर झाली.

ते मॅनेजर आता मला जेवायला बोलावत नाहीत. नाहीत तर नाहीत.