रेषेबाहेरची गाडी

गेनर सग्डन आमच्या गावात सात नंबरची बस चालवायची. गाव यॉर्कशरच्या टेकड्यांमधलं, एकही रस्ता सरळ नाही. बर्फ पडला की बाकीचे ड्रायव्हर डेपोत चहाचे मग धरून बसायचे आणि ही बाई बस काढायची. मी तेव्हा डेपोच्या कँटीनला होते. जाता जाता ती ओरडायची, "आयलीन, माझं सँडविच झाकून ठेव गं, ही गिधाडं खाऊन टाकतील!"

पन्नाशी गाठायच्या आत तिच्या पायांनी दगा दिला. नसांचा आजार. आधी काठी आली, मग व्हीलचेअर. बसचं लायसन गेलं, तेव्हा ती चार दिवस घराबाहेर पडली नाही. पुढे अपंगांच्या योजनेतून तिला गाडी मिळाली. ब्रेक हाताने, वेगही हाताने. गाडी आली त्या दिवशी तिने भोंगा वाजवत आमच्या गल्लीला तीन फेऱ्या मारल्या. शेजारी बसलेला तिचा नवरा रॉय खिडकीतून डोकं काढून म्हणत होता, "अहो ड्रायव्हरीणबाई, मी तिकीट काढलंय, जरा हळू घ्या!"

रॉय छपरांची कामं करायचा. उंच, सडपातळ, बोलायला भारी मिश्कील. गेनरला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचं, स्वयंपाक करायचा, तिचे केस धुवायचे, सगळं तो करायचा. तरुणपणी त्याने कितीतरी शेडवरचे ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे कापले होते, तोंडाला फडकंसुद्धा न बांधता. ती धूळ चाळीस वर्षं छातीत गप्प बसून होती. मग एका उन्हाळ्यात जिना चढताना त्याला धाप लागली ती गेलीच नाही. ज्याने तिला उचलायचं, त्यालाच आता हात द्यावा लागायचा. फुप्फुसाभोवती पाणी साठायचं, ते काढायला दवाखान्यात जावं लागायचं. दवाखाना गावाबाहेर टेकाडावर. बसमध्ये व्हीलचेअरला जागा एकच, आणि तिथे कुणाची बाबागाडी उभी असली की पुढच्या बसची वाट बघा. म्हणून गेनरच त्याला गाडीतून न्यायची. "माझा शेवटचा प्रवासी," म्हणायची.

दवाखान्याच्या आवारातलं पार्किंग त्याच वर्षी एका खाजगी कंपनीकडे गेलं होतं. फाटकावर कॅमेरे लागले, खांबाखांबावर पिवळ्या पाट्या लागल्या. एवढ्या बारीक अक्षरांत, की वाचायला गाडीतून उतरावं लागेल.

पहिल्या खेपेला अपंगांच्या सगळ्या जागा भरलेल्या होत्या. दोन जागांवर तर बांधकामवाल्यांनी राडारोड्याची पेटी ठेवलेली. गेनरने भिंतीकडेची साधी जागा धरली आणि एक चाक रेषेबाहेर ठेवलं. दुसरा इलाजच नव्हता. दार पुरतं उघडल्याशिवाय तिला मागची खुर्ची ओढून बाहेर काढता येत नसे. अपंगांचं निळं कार्ड तिने काचेशी लावलं होतं. तरी पंधरवड्यात पत्र आलं. गाडी रेषेबाहेर लावल्याबद्दल शंभर पौंड, लगेच भरले तर साठ.

ती हसली. "ह्यांना काय वाटतं, मी खिडकीतून उडी मारून बाहेर येते?"

"भरून टाक गं," रॉय म्हणाला. "साठात सुटलो."

"का भरू? मी काय चोरी केलीय?"

तिने फोटो काढून पाठवले, कार्डाचा, खुर्चीचा, दाराचा. उत्तर आलं: आपल्या परिस्थितीबद्दल खेद वाटतो, तथापि नियम सर्वांना सारखे आहेत.

मग त्या यंत्राचं लचांड सुरू झालं. निळ्या कार्डवाल्यांना पार्किंग फुकट, पण आत शिरल्यावर भिंतीवरच्या यंत्रात गाडीचा नंबर घालायचा, आणि काही तासांनी पुन्हा घालायचा. ते यंत्र उभ्या माणसाच्या उंचीवर. खुर्चीतून बघितलं की पडद्यावर नुसती समोरच्या खिडकीची चमक दिसायची. रॉय घालायला गेला तर बोटं थरथरून एक अक्षर चुकलं. त्याचा दंड आला. पुढच्या खेपेला डॉक्टरांनाच उशीर झाला, ठरल्या वेळेपेक्षा गाडी जास्त उभी राहिली. त्याचाही आला.

मी एकदा तिच्याबरोबर दवाखान्याच्या ऑफिसात गेले. तिथे पिंडर नावाचे साहेब होते. माणूस वाईट नव्हता, पण अगदी थकलेला.

"मिसेस सग्डन, मला सगळं पटतं. पण कंत्राट त्यांचं आहे. आमच्या हातात काही नाही."

"दवाखाना तुमचा ना?"

"हो."

"जमीन तुमची?"

"हो, पण..."

"मग ते यंत्र एक हात खाली घ्यायला सांगा."

"ते त्यांचं यंत्र आहे."

गेनरने माझ्याकडे बघितलं. "आयलीन, ह्या माणसाची खुर्ची तरी ह्याची आहे का, विचार."

पिंडरसाहेब ओशाळले. त्यांनी कंपनीला ईमेल केलं, आमच्यासमोरच केलं. त्याचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. पत्रं मात्र येतच राहिली. आकडे वाढले, अक्षरं लाल झाली, मग वसुलीवाल्यांची यायला लागली आणि शेवटी कोर्टाचं आलं.

गेनर खूश झाली. "आता बरं झालं. आता समोर माणूस असेल." डेपोच्या निरोप समारंभाला घातलेला निळा कोट तिने बाहेर काढला. रॉयने अंथरुणात बसून तिच्या कॉलरवरचे धागे वेचले. "जा," म्हणाला, "चामडी सोलून ये त्यांची."

माझ्या गाडीतून आम्ही शेजारच्या शहरात गेलो. समोर माणूस होता, पण कंपनीचा नव्हता. त्या दिवसापुरता भाड्याने घेतलेला एक पोरगेला वकील होता, त्याने ते दवाखान्याचं आवार कधी बघितलेलंही नव्हतं. न्यायाधीशबाईंनी गेनरचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा पाणीही विचारलं. मग म्हणाल्या, "रेषेबाहेरच्या गाडीचा दंड मी रद्द करते. बाकी दोन मात्र तुम्हाला भरावे लागतील. पाटी तिथे लावलेली होती. मला सहानुभूती आहे, पण पाटी होती."

वकील दाराशी तिच्यासाठी दार धरून उभा राहिला. "सॉरी हं," म्हणाला. गेनर चाकं ढकलत बाहेर पडली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "सगळी किती चांगली माणसं आहेत ना गं."

दोन दंड आणि वरचा खर्च तिने भरला. पण त्यानंतर बर्फात बस काढणारी गेनर मला काही दिसली नाही. दवाखान्यात जायचं असलं की आदल्या रात्री तिला झोप नाही. यंत्रापाशी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून नंबर घालून घ्यायची आणि बरोबर पडला का म्हणून दोनदा विचारायची. आत रॉयच्या पाठीत सुई असायची आणि हिचे डोळे घड्याळावर. एकदा त्याला तसाच सोडून ती खाली धावली, धावली म्हणजे चाकं ढकलत गेली. उतारावर खुर्ची कलंडली, कोपर सोलवटलं. रॉयने ते कोपर बघितलं.

त्यानंतर रॉयला एकाएकी बरं वाटायला लागलं. मी गेले की म्हणायचा, "काय आयलीन, मला मेलेला बघायला आलीस? आज नाही जमणार, आज मी छान आहे." दवाखान्यानेच तारखा पुढे ढकलल्यात, असं त्याने गेनरला सांगितलं होतं. तिलाही ते हवंच होतं, तिने विश्वास ठेवला. तो बसून झोपायचा, आडवं झालं की गुदमरायचा, पण विचारलं तर म्हणायचा, उशी चांगली नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी त्याचे ओठ निळे पडले. ॲम्ब्युलन्स आली. गेनर मागोमाग गाडी घेऊन गेली. मी दुपारी पोचले, तेव्हा वॉर्डातली नर्स तिला विचारत होती, "मागच्या तिन्ही वेळा तुम्ही फोन करून नको का म्हणालात? पाणी वेळेवर काढलं असतं तर त्यांना एवढा त्रास झाला नसता."

"मी? मी कुठे फोन केला?"

नर्सने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "पुरुषाचा फोन होता, असं लिहिलंय."

गेनर खुर्ची ढकलत पलंगापाशी गेली. रॉयच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता.

"तू फोन केलेस?"

त्याने मास्क बाजूला केला. "झोपत नव्हतीस तू."

"गाढवा! माझी झोप मोठी का तुझा श्वास?"

"तुझं कोपर..." एवढंच त्याला बोलता आलं. तिने मास्क परत त्याच्या तोंडावर बसवला. मग त्याच्या हातावर कपाळ टेकून ती रडली. मी बाहेर येऊन उभी राहिले.

तो पुढे तीन दिवस होता. शेवटच्या दिवशी सकाळी तिने नंबर घालून घेतला होता. दुपारी पुन्हा घालायला खाली जायला हवं होतं. नर्स म्हणाली, आता फार वेळ नाही. गेनर जागची हलली नाही. चारच्या सुमाराला रॉय गेला, त्यानंतर थोड्याच वेळात मी पोचले. नर्सने पडदे ओढले, आम्हाला चहा आणून दिला. गेनरने रॉयचे केस विंचरले, हात धुतले, नखांतला मळ काढला. आम्ही तिथून निघालो तेव्हा बाहेरचे दिवे लागले होते.

अंत्यसंस्काराला डेपोतले जुने ड्रायव्हर सगळे आले. मग हॅम, सँडविच, शेरी, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सगळं झालं. नंतरच्या आठवड्यात मी तिच्याकडे बसले होते, तेव्हा पत्र आलं. रॉय गेला त्या दिवसाचा दंड. दिलेल्या वेळेपेक्षा जास्त काळ आवारात थांबल्याबद्दल.

माझं डोकं फिरलं. "ह्याच्यावर लढायचंच. मृत्यूचा दाखला जोड, त्यांना माफ करावाच लागेल. पेपरात देऊ. मी देते."

"नको."

"अगं, पण..."

"रॉयच्या मरणाचा कागद मी त्यांना दाखवणार नाही, आयलीन. ते खरा आहे का म्हणून तपासतील." तिने फोन उचलला, बँकेच्या कार्डाचे आकडे सांगितले आणि पैसे भरले. पलीकडचं यंत्र धन्यवाद म्हणालं. तीही सवयीने धन्यवाद म्हणाली.

वसंतात तिने गाडी परत केली. योजनेचा माणूस न्यायला आला तेव्हा ती दाराशीसुद्धा आली नाही. आता बटाटे, दूध, औषधं, सगळं घरपोच येतं. तिच्या स्वतःच्या नसांच्या डॉक्टरांकडे वर्षातून दोनदा जायचं असतं, तेही त्याच दवाखान्यात. ती गेली नाही. मी म्हटलं, "चल, मी नेते तुला माझ्या गाडीतून."

"आणि लावशील कुठे?"

"बघू गं तिथे गेल्यावर."

"तू बघ," ती म्हणाली. "मला नाही बघायचं."

मागच्या वर्षी त्या कंपनीचं कंत्राट संपलं. पिवळ्या पाट्या गेल्या, दुसऱ्या कंपनीच्या हिरव्या आल्या. यंत्र खाली घेतलं म्हणतात. मी धावत जाऊन गेनरला सांगितलं. ती खिडकीशी बसून मटार सोलत होती. उजवा हातही आता तिचं ऐकत नाही, शेंग दातांनी फोडावी लागते. तिने माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि वाडगं माझ्यापुढे सरकवलं.

"आलीच आहेस तर एवढे सोलून दे," म्हणाली.

मी सोलायला बसले.